पाच गोलंदाज पुरतात, मग सहावा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून पुन्हा सांगतो. लातूर असो की परभणी, संघ जाहीर झाला की हाच सवाल येतो: वनडे क्रिकेटमध्ये एका गोलंदाजाला जास्तीत जास्त दहा षटकं, मग पाच जणांची दहा-दहा म्हणजे पन्नास भरली, सहाव्यासाठी चांगला बॅट्समन बाहेर का?

हा हिशेब वहीतला. एप्रिलच्या उन्हात तिसाव्या षटकानंतर मीडियम पेसरच्या पोटरीत गोळा आला, तर त्याची उरलेली चार षटकं कोण टाकणार? आणि कुणाला काही झालं नाही तरी एखाद्याला मार बसतोच. चार षटकांत 32 गेल्या तरी त्याची सहा टाकावीच लागतात. बॅट्समनला ते कळतं. तो चांगल्या बॉलरला खेळून काढतो आणि याची वाट बघतो.

2023 चा विश्वचषकच घ्या. 19 ऑक्टोबरला पुण्यात तीन चेंडू टाकून हार्दिक पंड्याचा घोटा गेला, षटक कोहलीने पूर्ण केलं. आपला सहावा गोलंदाज तोच होता, तिथून पुढे मुख्य गोलंदाज पाचच. त्या बदलातच शमी आत आला आणि त्याने सात सामन्यांत 24 बळी घेतले, हे मी लपवत नाही. तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच.

पण 19 नोव्हेंबरला अहमदाबादेत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या फायनलला काय झालं? आपल्या धावा 240. स्पर्धाभर नवा चेंडू टाकणाऱ्या सिराजला थांबवून तो शमीला दिला, सिराज आला सतराव्या षटकात. सात षटकांत ऑस्ट्रेलिया 3 बाद 47. तिथून हेड आणि लाबुशेन यांनी 192 जोडल्या. कुलदीप-जडेजाच्या वीस षटकांत 99 धावा गेल्या, बळी शून्य. धावा जास्त नाहीत, पण 240 राखायच्या तर बळीच लागतात. दव पडलं, चेंडू हातात बसेना, आणि फिरून फिरून तेच पाच हात. डावखुऱ्या हेडपासून बाहेर जाणारा ऑफस्पिन आपल्याकडे नव्हता. ऑफस्पिनर अश्विन पंधरा जणांच्या संघात होता. 8 ऑक्टोबरला चेन्नईत याच ऑस्ट्रेलियासमोर त्याने दहा षटकांत 34 धावा देऊन एक बळी घेतला होता. पुढे त्याला एकही सामना नाही.

यातलं मला सगळ्यात टोचतं ते वेगळंच. 12 नोव्हेंबरला नेदरलँड्ससमोर आपल्या नऊ जणांनी बॉलिंग केली, कोहली आणि रोहितने एकेक बळीही घेतला. आठवड्याने फायनलला पाचच.

रोहितच्या दोन षटकांत 25 गेल्या असत्या, म्हणाल. गेल्याही असत्या. 240 मुळातच कमी होत्या, तेही कबूल.

सहावा म्हणजे पहिल्या सातात बॅटिंग करणारा, आपल्या बीडच्या संजय बांगरसारखा, बॅटिंगसोबत मीडियम पेस टाकणारा. त्याची चार-पाच षटकं वीस ते पस्तीसच्या दरम्यान, दव पडायच्या आत, लांब बाउंड्रीच्या बाजूला फटके मारायला लावत काढायची. एक षटक महाग पडलं की लगेच बदलायचा. वनडेत दोन टोकांकडून दोन नवे चेंडू वापरतात, पण जुलै 2025 पासून तर 34 षटकांनंतर त्या दोनपैकी एकच शेवटपर्यंत चालतो. जुना चेंडू थांबून येतो, तेव्हा शेवटाला कटर, म्हणजे बोटांनी कापून हळू सोडलेला चेंडू, टाकणाराही कामाला येईल.

शमीला बसवून सहावा खेळवायचा का? मुळीच नाही. बसवायचाच तर बॅट्समन. त्या फायनलला सातव्या नंबरवर 28 चेंडूंत 18 झाल्या. तेवढ्या अश्विननेही केल्या असत्या, असं मला वाटतं. तुम्हाला पटणार नाही, ठाऊक आहे.