269 आणि 270

17 एप्रिल 1999. शनिवार. लोकसभेत वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मतदान होतं. मी तेव्हा एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होतो आणि रविवारच्या अंकाचं पहिलं पान माझ्याकडे होतं.

शुक्रवारी रात्रीच मी एक मथळा टाइप करून त्याचं ब्रोमाइड, म्हणजे पानावर चिकटवायची कागदी प्रत, काढून ठेवलं होतं : 'वाजपेयी सरकार तरले'. घाई म्हणून नव्हे, हिशेब करून. अण्णाद्रमुकच्या जयललितांनी 14 तारखेला पाठिंबा काढला, त्यांचे 18 खासदार गेले. पण मायावतींच्या बसपचे पाच खासदार तटस्थ राहणार, असं आम्ही धरून चाललो होतो. वहीत दोन रकाने आखून मी पुन्हा पुन्हा बेरीज केली होती. दर वेळी सरकार थोडक्यात वाचत होतं.

शनिवारी दूरदर्शनसमोर अख्खा विभाग उभा होता. छपाईतली माणसंही वर आली होती. बसपने विरोधात मत दिलं आणि माझा रकाना तिथेच मोडला. मग आकडे आले. ठरावाच्या बाजूने 269, विरोधात 270. क्षणभर खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. मग सगळे एकदम बोलायला लागले.

मी वही उघडून परत बसलो. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ पक्षाचा आदेश मोडून विरोधात गेले होते. ते सरकारच्या बाजूने असते, तर आकडे बरोबर उलटे झाले असते. काँग्रेसचे गिरिधर गमांग फेब्रुवारीतच ओरिसाचे मुख्यमंत्री झाले होते, पण खासदारकी सोडली नव्हती. त्यांनी येऊन मत दिलं. ते आले नसते तर 269-269, आणि मग लोकसभा अध्यक्ष बालयोगींचं निर्णायक मत. बालयोगी तेलुगू देसमचे, म्हणजे सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या पक्षाचे. गमांग यांनी मत द्यावं की नाही, हे बालयोगींनी त्यांच्याच सदसद्विवेकबुद्धीवर सोडलं होतं. नियमात ते बसत होतं. पण राज्याचा कारभार हाती घेतलेल्या माणसाने केंद्राचं सरकार पाडायला लोकसभेत येऊन बसावं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

वृत्तसंपादकांनी मला वाजपेयींच्या कारकिर्दीवर चौकट लिहायला सांगितली. मी झपाट्याने लिहिली. 1957 मध्ये बलरामपूरहून पहिल्यांदा लोकसभेत, 1977 मध्ये मोरारजींच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री, 1996 मध्ये तेरा दिवसांचं सरकार, 1998 मध्ये पुन्हा पंतप्रधान, पोखरण, आणि दोनच महिन्यांपूर्वीची लाहोरची बस. शीर्षक दिलं 'एका प्रवासाची अखेर'. मन भरून आलं होतं. मी त्यांच्या पक्षाचा मतदार नव्हतो, पण सभागृहात असं बोलणारा माणूस एका मताने जावा, याचं वाईट वाटत होतं.

साहेबांनी चौकट उभ्या उभ्या वाचली. लाल पेनाने 'अखेर' खोडलं.

"चौऱ्याऐंशीला हा माणूस ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांकडून हरला. पक्षाचे दोन खासदार उरले होते. तेव्हा अखेर झाली का?"

मी गप्प.

"मग आता कशी होईल? 'प्रवास' एवढंच ठेव. आणि आपल्या वाचकाला सांग, महाराष्ट्राच्या 48 पैकी भाजपचे चार आणि शिवसेनेचे सहाच होते. काँग्रेसचे 33 होते. एक मत कुठे कमी पडलं, ते त्यालाच शोधू दे."

ही ओळ मी चौकटीत घातली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली. भाजपला 1998 इतक्याच, म्हणजे 182 जागा मिळाल्या. पण या वेळी मित्रपक्ष जास्त होते आणि जयललितांच्या जागी द्रमुक आला होता. आपल्याकडे सेनेचे 15 आणि भाजपचे 13 निवडून आले. 13 ऑक्टोबरला वाजपेयींनी तिसऱ्यांदा शपथ घेतली आणि मे 2004 पर्यंत सरकार चाललं. साहेबांनी तो एक शब्द खोडला नसता, तर सहा महिन्यांत माझं शीर्षक खोटं ठरलं असतं. आघाडीच्या राजकारणावर लिहिताना तो लाल पेन मला अजून आठवतो.

त्या रात्री पान लागलं. आदल्या दिवशीचं 'तरले' मी कात्रीने कापून टोपलीत टाकलं आणि आर्टिस्टने नवा आठ कॉलमी मथळा चिकटवला. प्रत मुद्रितशोधकांकडे गेली, ती दहा मिनिटांत परत आली. दोन्ही आकड्यांभोवती पेन्सिलीचा गोल आणि समासात प्रश्नचिन्ह.

मी त्यांच्या टेबलाशी गेलो. "दादा, आकडे बरोबर आहेत."

"अहो, एकाचाच फरक? शून्य-नऊची गडबड असेल. एकदा बघून घ्या."

बत्तीस वर्षं प्रुफं तपासलेला माणूस. मी वाद घातला नाही. वृत्तसंस्थेचा कागद फाडून आणला आणि प्रुफाशेजारी ठेवला. त्यांनी चष्मा वर सरकवला, आकड्याखाली बोट धरलं आणि मोठ्याने वाचलं. दोनशे एकोणसत्तर. दोनशे सत्तर. मग प्रुफावरचे वाचले. मग परत कागदावरचे.

पेन्सिलीचे गोल त्यांनी रबराने स्वच्छ पुसले आणि खाली सही केली. डाक आवृत्तीची, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकांची, गाडी त्या रात्री वीस मिनिटं उशिरा सुटली.