थोहळा

आमच्या घरी कोणत्याही दिनदर्शिकेत नसलेला एक सण आहे आणि त्याचे नाव थोहळा. हा शब्द कोशात शोधू नये. थोरल्या मुलीचे वरचे पुढचे दोन दात पाठोपाठ पडले, त्या दिवसांत तिला 'स' म्हणणे जड जाऊ लागले आणि 'सोहळा' हा शब्द तिच्या तोंडून असा बाहेर पडू लागला. पुढे त्या जागी नवे दात आले, 'स' परत आला, पण घरात शब्द तसाच राहिला. धाकटीचे तर तेव्हा सगळे दात शाबूत होते. तरीही ती खास 'थ' लावूनच तो म्हणत असे, कारण तिच्या मते शुद्ध रूप तेच होते आणि 'सोहळा' हा मोठ्या माणसांचा उच्चारदोष होता.

सुरुवात झाली तेव्हा थोरली साडेसहा वर्षांची होती. खालच्या ओळीतला पुढचा एक दात हलतो आहे हा शोध तिला दात घासताना लागला आणि त्या दिवसापासून घरातली कोणतीही गोष्ट त्या दाताची विचारपूस केल्याशिवाय पुढे सरकेना. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो हलवून पाहण्याचे निमंत्रण असे आणि ते नाकारणाऱ्याला ती भित्रा ठरवत असे. नजर वहीत आणि जीभ दाताशी, असा तिचा अभ्यास चाले. जिभेने तो पुढे लोटायचा, मागे ओढायचा, पार आडवा करायचा आणि आपण शहारलो की समाधानाने पुन्हा तेच करायचे. "एकदाचा ओढून काढू का?" असे मी एका संध्याकाळी विचारले, तेव्हा मायलेकींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांचेच बरोबर होते. खालून कायमचा दात वर सरकू लागला की दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळत जाते. मूळ संपले की तो नुसत्या हिरडीच्या आधाराने तग धरतो आणि एके दिवशी आपला आपण सुटतो. बापाने हात घालावा असे त्यात काही नसते.

तो सुटला तो शाळेला जायच्या घाईत. नाडी बांधायला ती खाली वाकली, "बाबा!" एवढेच म्हणाली आणि दात तिच्या बुटावर आपटून चपलांच्या मांडणीखाली गेला. बाहेर शाळेची गाडी भोंगा वाजवत होती आणि मी इस्त्रीच्या शर्टासकट जमिनीवर पालथा पडून मोबाइलच्या उजेडात दात शोधत होतो. एक हरवलेले बटण आणि पेनाची दोन टोपणे यांच्या संगतीत तो सापडला. तळहातावर घेतल्यावर प्रथम जाणवले ते त्याचे लहानपण. एवढे दिवस ज्याच्याभोवती घर फिरत होते, तो माझ्या करंगळीच्या नखावर सहज मावला असता. वरची कड घासून गुळगुळीत झालेली, रंग किंचित निळसर वाटावा इतका पांढरा, आणि खाली मूळ असे नाहीच. तिथे नुसती एक पोकळ खळगी आणि तिच्या काठावर रक्ताचा वाळू लागलेला ठिपका. धाकटीने तो वाकून पाहिला आणि विचारले, "आता ताईला कमी बोलता येणार?"

संध्याकाळी त्या दाताचे काहीतरी करायला हवे होते. माझ्या बायकोने कानातल्यांची एक रिकामी डबी काढली, तिच्यात कापूस घातला, थोरलीने आईची ओढणी खांद्यावरून घेतली, धाकटीने ओंजळीत डबी धरली आणि तारीख मोठ्याने उच्चारून एका चिठ्ठीवर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ठरलेले होते ते एवढेच. पण मी चिठ्ठी लिहायला घेणार तोच वीज गेली. अंधारात चाचपडून मेणबत्ती शोधली, ती पेटवली आणि बहुधा तिच्यावरच्या धुळीमुळे मला अशी सणसणीत शिंक आली की ज्योत विझली. मुली हसून हसून जमिनीवर लोळल्या. थोड्या वेळाने वीज आली, डबी कपाटात गेली आणि माझ्या समजुतीप्रमाणे विषय संपला.

तीन आठवड्यांनी शेजारचा दात पडला. डबी आली, ओढणी आली, मी पेन उघडले. "बाबा, आधी दिवे घालव," धाकटी म्हणाली. मी कारण विचारले. "दाताच्या वेळी दिवे नसतात," ती म्हणाली, आणि हे मला ठाऊक नसावे याचे तिला खरोखरच नवल वाटले होते. दिवे घालवले, मेणबत्ती लावली. मग कोणी काही बोलेना. तिन्ही चेहरे उजेडात माझ्याकडे वळले होते आणि आपण काय विसरलो आहोत ते मला समजत नव्हते. अखेर थोरलीने दटावले, "शिंक ना!" मी तोंडाने शिंकेचा आवाज काढला, तो एकमताने फेटाळला गेला. खरी हवी होती, आणि तिने मेणबत्ती विझायला हवी होती. तेव्हा रुमालाच्या टोकाची वळी करून ती नाकात फिरवत मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत बसलो आणि शेवटी एकदाचा शिंकलो. ज्योत विझली. विधी पार पडला. एरवी एखाद्या कामात माशी शिंकली म्हणजे ते काम बिनसलेच. आमच्याकडे मात्र बाप शिंकल्याशिवाय कार्य तडीस जात नाही.

लहान मुलांना रोज नवे काहीतरी लागते, अशी एक समजूत आहे. ज्यांनी झोपताना तीच गोष्ट पन्नासाव्यांदा सांगितली आहे आणि कंटाळून त्यात एक शब्द बदलताच अंथरुणातून "असं नाहीये ते" असे ऐकले आहे, त्यांनी ती समजूत केव्हाच सोडून दिली असेल. माझ्या पाहण्यात तरी लहान मुलींइतके कर्मठ कोणी आलेले नाही. एकदा घडले तो अपघात, दुसऱ्यांदा केले की ते शास्त्र. आणि शास्त्र लागू व्हायला त्यांच्या हिशेबी एकच पूर्वोदाहरण पुरते. आम्ही मोठी माणसे एखादी रीत पाळतानाही तिचा अर्थ काय, ती सोयीची आहे का, थोडक्यात आटोपता येईल का, असे प्रश्न विचारत राहतो. या दोघींना अर्थाशी कर्तव्य नसते. मागच्या वेळी बाबा डावीकडे बसला होता, तर आताही त्याने डावीकडेच बसावे.

मी एकदा बसून हिशेब केला. दुधाचे दात एकूण 20, वर 10 आणि खाली 10. साधारण सहाव्या वर्षी ते पडायला लागतात आणि शेवटचा जाईपर्यंत बारावे वर्ष उजाडते. मुली दोन, म्हणजे 40 दात. मी हा आकडा मोठ्या उत्साहाने बायकोला सांगितला. "चाळीस शिंका," ती म्हणाली आणि पुस्तकात परत गेली.

त्याच नादात दातांविषयी थोडे वाचले, तेव्हा एक गोष्ट अशी कळली की त्या डबीकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहू लागलो. दुधाच्या पुढच्या दातांचे टणक आवरण मूल पोटात असताना चौथ्या महिन्याच्या आसपासच तयार व्हायला लागते आणि त्याचा बराचसा भाग जन्माआधीच घडून झालेला असतो. एकदा बनलेले हे आवरण शरीर पुन्हा बदलत नाही. जन्माच्या वेळी त्या घडणीत क्षणभर खंड पडावा तशी एक सूक्ष्म रेषा त्यात उमटते; दाताचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तिच्या अलीकडचा भाग जन्माआधीचा आणि पलीकडचा जन्मानंतरचा, असे वेगळे दाखवता येते. म्हणजे मी चपलांच्या मांडणीखालून जी वस्तू शोधून काढली होती, ती आम्ही मुलीचे तोंड पाहिले त्याच्याही आधीची होती, आणि मी चिठ्ठीवर तारीख घालतो आहे याची तिला काही गरज नव्हती. तिच्यात एक तारीख अगोदरच पडलेली होती. हे मी थोरलीला सांगितले. तिने नीट ऐकून घेतले आणि आपला दात कापून पाहायला मिळणार नाही, असे मला बजावले.

तिसऱ्या दाताने मात्र पेच टाकला. तो पडला, पण हाती आला नाही. रात्री झोपताना होता, सकाळी नव्हता. उशी, चादर, पलंगाखालची जमीन सगळे धुंडाळून झाले आणि तो झोपेत गिळला गेला असणार, या निष्कर्षावर आम्ही आलो. त्याने काही बिघडत नाही, असे मी पुन्हापुन्हा सांगत होतो, पण तिच्या रडण्याचे कारण वेगळेच होते. दात नसेल तर कार्य होणार कसे, आणि डबीत दुसऱ्यानंतर एकदम चौथा कसा ठेवायचा? खरे सांगायचे तर मी या प्रश्नाला 'जाऊ दे गं' एवढेच उत्तर देण्याच्या बेतात होतो. धाकटी कोपऱ्यात कात्री आणि कागद घेऊन कधीची बसली होती. तिने दात कापून आणला. तो चांगला रुपयाएवढा मोठा होता आणि त्याला दोन डोळे काढलेले होते. थोरलीने तो बराच वेळ उलटसुलट पाहिला, डोळे चालणार नाहीत म्हणाली, मग ते खोडायला नकार दिला, आणि संध्याकाळी दिवे घालवून, शिंकून, तो कागदी दात यथासांग डबीत गेला. आजही आहे. त्याच्या बाजूचे खरे दात त्याच्यापुढे अगदी किरकोळ दिसतात.

या सगळ्यात धाकटीवर अन्याय होत होता, हे आमच्या जरा उशिरा लक्षात आले. साडेचार वर्षांच्या मुलीने काहीही केले तरी तिचे दात हलत नाहीत. तिने एकदा आपलाही दात हलतो असे जाहीर केले. मी तपासला, आईने तपासला. तो भिंतीतल्या खिळ्यासारखा घट्ट होता. आजीने मात्र बोट लावून गंभीरपणे सांगितले, "हलतोय हो, अगदी जरासा." आजी धादांत खोटे बोलत होती आणि त्या खोट्यावर धाकटीने पुढचे काही महिने काढले. मधल्या काळात तिने स्वतःचे थोहळे स्वतः काढले. त्यांतला एक मला फार आवडतो. एका सकाळी ती जीभ बाहेर काढून, हनुवटी छातीला टेकवून आपल्या फ्रॉकची पुढची बटणे लावत होती. पाच बटणे होती. प्रत्येक बटण आपल्या घरात शिरण्याआधी तीन-चारदा निसटत होते आणि ती तोंडाने "थांब, थांब" असे त्यालाच समजावत होती. चौथे लागले आणि पाचव्याला घरच उरले नाही, तेव्हा वर एक घर रिकामे राहिले होते आणि खाली फ्रॉकची एक बाजू लोंबत होती, कारण पहिलेच बटण एक घर चुकले होते. माझा हात पुढे गेला. बायकोने तो धरला. त्या वाकड्या फ्रॉकवरच दिवसाढवळ्या पडदे ओढून थोहळा झाला.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीच्या खुणा करण्याचाही प्रघात आहेच, तो बहुतेक घरांत असतो. फ्रान्समधल्या फिलिबेर गेनो द मोंबेयार या गृहस्थाने 1759 साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची 1777 पर्यंत अशीच मोजत नेली आणि ती मोजमापे पुढे शास्त्रज्ञांच्या कामी आली. आमच्या चौकटीचा असा काही उपयोग होणार नाही, कारण धाकटी टाचा उचलते. शिवाय पहिल्या वेळी डोक्यावर आडवा धरायला हाताशी एक जाडजूड शब्दकोश होता, म्हणून दर वेळी तोच लागतो. हलकी पट्टी नेली तर खूण बाद होते. दिवसभरात पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबत जातात आणि माणूस संध्याकाळपर्यंत साधारण एक सेंटीमीटरने खुजा होतो, हे मी मुलींना एकदा बोलून गेलो. ती माझी चूक झाली. आता मोजणी अंथरुणातून उठल्याबरोबर करावी लागते, डोळे चोळत, शब्दकोश सावरत.

गेल्या आठवड्यात धाकटीचा पहिला दात पडला. ती आता सहा वर्षांची आहे आणि दीड वर्ष या दिवसाची वाट पाहत होती. थोरलीचे एव्हाना सात दात पडून झाले आहेत, त्यामुळे ती ज्येष्ठपणे सूचना देत होती. तिच्या तोंडातल्या नव्या दातांना करवतीसारखी बारीक दातेरी कड आहे आणि ते तिच्या चेहऱ्याला अजून थोडे मोठे होतात. धाकटीला तिची स्वतःची डबी मिळाली. ओढणी दुहेरी घडी करूनही जमिनीवर लोळत होती. मी डावीकडे बसलो. थोरलीने बटण दाबून दिवे घालवले, मेणबत्ती पेटली, मी तारीख म्हटली आणि रुमालाची वळी तयार केली. इतक्या सरावानंतर शिंक आता पटकन येते. ज्योत विझली, टाळ्या झाल्या, आणि थोरलीने अंधारात जाऊन बटण दाबले.

दिवे लागले नाहीत. तिने पुन्हा दाबले, मग मी उठून दाबले, मग आम्ही खिडकीशी गेलो. समोरच्या सगळ्या खिडक्या काळ्या होत्या. आम्ही अंधार करून बसलो असताना कधीतरी वीज खरोखरच गेली होती आणि घरात कोणालाही ते कळले नव्हते. मी हसायला लागलो, बायकोही हसू लागली. धाकटी मात्र डबी छातीशी धरून विचारात पडली होती.

"बाबा," ती काळजीने म्हणाली, "पुढच्या दाताला बटण दाबल्यावर दिवे लागले तर?"