भांडायला येतंय काय?

शनिवार, रात्र

बेळगावातल्या अनगोळहून आल्यापासून डोक्यात एकच भुंगा लागलाय. तो इतका फुटकळ आहे की फोन करून कुणाला सांगावं तर समोरून येईल, बरं मग? म्हणून इथं लिहितेय.

वास्तुशांत छान झाली. पुरुषांची पंगत उठली होती, बायकांची पानं मांडायची होती. मधल्या त्या रिकाम्या वेळात आत्याला मी दिसले. आत्याला मी दिसले की पुढं काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे. "ही आमची. दिल्लीला असती. स्पॅनिश शिकती." नव्या शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, "अगंबाई! बोलून दाखव की जरा."

बोलून दाखव. कुणाशी बोलू? समोर स्पॅनिश कळणारं कुणी नाही, कुणी काही विचारलेलं नाही, मला काही सांगायचं नाही. पण एवढ्या माणसांत हे कोण ऐकून घेणार. आमच्या वर्गात सगळ्यांना तोंडपाठ असलेलं एक वाक्य आहे, १६०५ सालच्या 'दोन किहोते' या स्पॅनिश कादंबरीचं पहिलं, ते म्हणून टाकलं. टाळ्या. वहिनीनं परत म्हणायला लावून मोबाइलवर घेतलं. काकू म्हणाल्या, किती गोड भाषा. अर्थ काय, तर ला मांचा भागातल्या एका गावात, ज्याचं नाव मला आठवायची इच्छा नाही, एक गृहस्थ राहायचे. त्यावर पप्या म्हणाला, "म्हणजे आपलंच गाव की! २०१४ ला बेळगावचं बेळगावी केलं, तेव्हापासून कुठलं नाव आठवायचं तेच कळंना झालंय." सगळे हसले. मीही हसले. तेवढ्यात पानं मांडून झाली आणि विषय कुंद्यावर गेला.

एवढंच. कुणी वावगं बोललं नाही, उलट कौतुकच झालं. मग घरी येईपर्यंत माझा घसा का दाटला होता?

मला वाटतं, मी वाट्टेल ते बोलले असते तरी टाळ्या पडल्या असत्या म्हणून. दिल्ली मेट्रोची स्टेशनं जीभ वळवून म्हटली असती तरी काकूंना ती भाषा तितकीच गोड लागली असती.

दादानं ओतलेल्या कास्टिंगमध्ये पोकळी राहिली तर गिऱ्हाईक अख्खा माल उद्यमबागेत परत पाठवतं. आत्याचा मांडा जाड झाला तर शेंबडं पोरही सांगतं. माझं बरंवाईट सांगणारं या गावात कोण आहे? आई फोनवर सगळ्यांना सांगते, पोरगी वर्गात पुढं आहे. पुढं आहे म्हणजे पहिल्या बाकावर आहे, चष्म्यामुळं.

दिल्लीत उलटी गत. मला काय येत नाही याची तिथं सगळ्यांना खबर आहे. पहिल्या दिवसापासून माझं बरोबर होतं ते फक्त त आणि द. स्पॅनिशमधले त-द आपल्यासारखेच, दातांना जीभ लावून म्हणायचे. कॉन्व्हेंटातून आलेल्यांच्या तोंडात त्यांचे ट-ड होऊन बसतात. तेवढ्यावर पहिलं सेमिस्टर निभावलं. मग सब्जंक्टिव्ह आला. इच्छा, शंका, भीती, यातलं काही बोलायचं झालं की क्रियापदाचं रूपच पालटतं. माझ्या मनात तिथं या तिघींशिवाय दुसरं काही नसतंच, तरी रूप काही वेळेवर तोंडात येत नाही.

म्हणजे जिथं कळतं तिथं मी बेताची, आणि जिथं कळत नाही तिथं पंडित. गोवा एक्स्प्रेसमध्ये कुठंतरी, भोपाळच्या अलीकडं-पलीकडं, ही अदलाबदल होत असावी. रूममेटला हे एकदा सांगायचा प्रयत्न केला होता. पण ती तेव्हा तिच्याच भानगडीत होती, आणि नंतर तर... असो.

काकूंना दोष देत नाहीये. वहिनीलाही नाही. पण ती टाळी अजून कानात आहे आणि ती माझी वाटत नाही.

त्या पुस्तकातच एक भाषांतरकार आहे, आज सारखा तोच आठवतोय. पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणाच्या शेवटी गोष्ट मध्येच तुटते, तलवारी उगारलेल्या तशाच राहतात. मग नवव्या प्रकरणात निवेदकाला तोलेदोच्या बाजारात एका पोराकडं अरबी लिपीतल्या जुन्या वह्या मिळतात. त्याला अरबी येत नाही. तो एक मोरिस्को गाठतो, म्हणजे मुसलमानाचा ख्रिस्ती झालेला माणूस. तो वही उघडतो आणि हसायला लागतो. का हसलास, तर समासात लिहिलंय, दुल्सिनेआ म्हणून जिचं नाव या गोष्टीत सारखं येतं ना, तिच्याइतका डुकराचं मांस खारवायला चांगला हात अख्ख्या ला मांचात दुसऱ्या बाईचा नव्हता. नायक जिच्यासाठी जीव टाकतो तिची ही ख्याती! निवेदक खूश होतो, त्याला घरी नेतो, आणि दीड महिन्यापेक्षा थोड्या जास्त दिवसांत तो सगळं स्पॅनिशमध्ये करून देतो.

वर्गात मी यावर मनसोक्त हसले होते. आता वाटतं, त्याचं काम तपासलं कुणी? निवेदकाला तर एक अक्षर कळत नव्हतं. तो माणूस काहीही लिहून देऊ शकला असता. आणि दुसऱ्या भागात तो थोडंफार करतोच की: एका घराचं वर्णन कंटाळवाणं म्हणून गाळून टाकतो, एका प्रकरणाबद्दल म्हणतो की हे खोटं असावं, कारण नायकाचा नोकर सांचो, त्याच्यासारखा अडाणी माणूस इतकं शहाणपणाचं बोलणार नाही. त्याला मजा येत असेल की एकटं वाटत असेल? पुस्तकात त्याला नावसुद्धा नाही. पुस्तकाबाहेर त्याच्या समाजाला १६०९ पासून पाच वर्षं स्पेनमधून हाकलत होते. हे वर्गात एका वाक्यात उरकलं होतं.

छोट्यानं जेवताना विचारलं, बार्सिलोनावाल्यांचं पण आपल्यासारखंच भांडण आहे ना गं? अंगात मेस्सीचा जुना शर्ट होता. मी म्हटलं, त्यांच्या कॅटलान भाषेला तिथं त्यांच्या भागापुरता राजभाषेचा दर्जा आहे, १९७८ च्या घटनेनं दिलाय, पण स्पॅनिश येणं मात्र सगळ्यांना सक्तीचं. तो म्हणाला, "म्हणजे पाट्या दोन भाषेत?" मी म्हटलं, दोन नाही, बऱ्याचशा नुसत्या कॅटलानमध्येच. तो बराच वेळ गप्प जेवत होता. या विषयावर मी लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे.

आणि नानांचं राहिलंच. खरं तर तेच लिहायला बसले होते.

निघताना चपला शोधत होतो. नाना पायरीवर बसून पान लावत होते. मान वर न करता म्हणाले, "पाठ म्हटल्यागत म्हणलीस गे."

"काय नाना?"

"ते तुझं स्पॅनिश. तिकडची माणसं अशी सुटी सुटी बोलत असतील होय? बोलायला लागलं की शब्दाला शब्द चिकटतोय. कानडी असूंदे, कोकणी असूंदे. तुझे सगळे येगयेगळे पडले." मग चुन्याचं बोट पानाला पुसत, "भांडायला येतंय काय त्यात?"

मी म्हटलं, "भांडायला कशाला यायला पाहिजे?"

"मग अजून आली नाही," म्हणाले, आणि पान तोंडात टाकलं. पुढचं बोलणं बंद.

राग आला. आपल्याला भाषाशास्त्राचा पेपर आहे आणि हे आयुष्यभर कंडक्टर म्हणून पणजीच्या नाहीतर सावंतवाडीच्या गाडीवर तिकिटं फाडलेले. पण त्यांनी बोट ठेवलं तिथंच सर दर वेळी लाल पेन ठेवतात. स्पॅनिशमध्ये एका शब्दाच्या शेवटचा स्वर पुढच्या शब्दाच्या पहिल्या स्वराला जाऊन मिळतो, बोलताना दोघांची फट बुजते. मी प्रत्येक शब्द नीट खाली ठेवते आणि मग दुसरा उचलते. एक वाक्य ऐकून, अर्थ न कळता, नानांनी ते पकडलं.

आता बारा वाजून गेलेत आणि मी अंथरुणात पडून स्पॅनिशमध्ये भांडायचा प्रयत्न करतेय. जमत नाहीये. बी-टू पातळीच्या परीक्षेसाठी औपचारिक पत्रं लिहायचा सराव इतका केलाय की विमान कंपनीनं सामान हरवलं तर मी तीन परिच्छेदांत आपली नम्र विनंती कळवू शकते. पण तोंडावर? तोंडावर आधी ठरवायचं की समोरच्याला 'तू' म्हणायचं की 'उस्तेद', म्हणजे तुम्ही. आर्जेन्टिनात 'तू'च्या जागी 'वोस', त्याची रूपं निराळी. कोलंबियाच्या काही भागांत जवळच्या माणसांतही 'उस्तेद' चालतं. एवढं ठरेपर्यंत समोरचा घरी पोचेल.

कन्नडचं व्याकरण मला शाळेत कधीच धड आलं नाही. पण सीबीटीवर, म्हणजे आमच्या बसस्टँडवर, सुट्ट्यासाठी "चिल्लर कोड्री" म्हणून जो आवाज चढायचा तो बरोबर चढायचा, आणि पैसे मिळायचे. २०२३ ला शक्ती योजना आली, बायकांना तिकीट फुकट झालं, तेव्हापासून तोही सराव गेला. आता भांडण फक्त सीटवरून.

रविवार, संध्याकाळ

सकाळी नानांकडं गेले. सुट्टीत एक संवाद लिहून न्यायचाय, रोजच्या जगण्यातला. मी आपली आधी बाजारातला भाजीवाला-गिऱ्हाईक असा एक गुळमुळीत लिहिला होता, तो फाडला. म्हटलं, नाना, तुमचं एखादं भांडण सांगा.

त्यांचा चेहराच बदलला. त्यांच्या घरच्या काकूंना चहा ठेवायला सांगितला आणि सरसावून बसले. कुठलं सांगू, सुट्ट्याचं का अर्ध्या तिकिटाचं? अर्ध्या तिकिटाचं ठरलं. चोर्ला घाट, भर पाऊस, एक बाई, मांडीवर चांगला मिसरूड फुटायला आलेला मुलगा, आणि म्हणे अर्धं द्या. ते बोलत होते, मी थेट स्पॅनिशमध्ये लिहीत होते. अडले की "थांबा" म्हणायचं, ते थांबायचे. बाराव्या शतकात तोलेदोमध्ये अरबी ग्रंथांची काही भाषांतरं अशीच व्हायची: एकानं अरबी वाचून तिथल्या बोलीत सांगायचं, दुसऱ्यानं ऐकत ऐकत लॅटिनमध्ये उतरवायचं. नानांना सांगितलं तर म्हणाले, "त्यात काय. तहसीलच्या बाहेर टायपिस्टाकडं रोज तेच चालतंय. एक कानडी उतारा वाचून मराठीत सांगतोय, दुसरा अर्ज बडवतोय."

मधेच विचारलं, याला मिळतात किती? मी त्या मोरिस्कोची मजुरी सांगितली: दोन आरोबा बेदाणे, म्हणजे २३ किलोच्या आसपास, आणि दोन फानेगा गहू. नाना गंभीरपणे म्हणाले, "बेदाणा तासगावचा का विजापूरचा, त्यावर हाय."

अडचणी निराळ्याच निघाल्या. बस कुठल्या देशातली? मेक्सिकोत तिला कामियोन म्हणतात, क्युबात ग्वाग्वा, आर्जेन्टिनात कोलेक्तिवो. स्पेन धरलं तर शहरातल्या बसमध्ये तिकीट ड्रायव्हरच देतो. नानांना हे पटेचना. "मग भांडताना गाडी कोण चालवतंय?" शेवटी ठरवलं की बस चोर्ला घाटातलीच राहू दे, माणसं तेवढी स्पॅनिश बोलतील. सर काय म्हणतील ते म्हणतील.

आणि 'उस्तेद'चा घोळ मी त्यांच्यावरच टाकला. कंडक्टर बाईला अहो म्हणतो की अगं? नाना म्हणाले, "सुरवातीला अहो ताई. मधे ताई. शेवटी नुसतं अहो, पण ते असं म्हणायचं की अगं परवडलं." हे स्पॅनिशमध्ये कसं आणायचं ते ठाऊक नाही, पण 'सेन्योरा' तीन वेळा तीन पट्ट्यांत घातलंय. मोठ्यानं म्हणून दाखवलं. पहिल्यांदा म्हणाले, पाठ. परत म्हटलं. पाठच. तिसऱ्यांदा मला खरंच वैताग आला होता, काकू आतून काहीतरी विचारत होत्या, चहा गार झाला होता, आणि मी ते वाक्य फेकल्यासारखं म्हटलं. नाना म्हणाले, "हां. हितं जरा चिकटलं."

टाळीबिळी काही नाही. वहीवर चहाचा डाग पडला तेवढा.

आई संध्याकाळी म्हणाली, कालचा व्हिडिओ ग्रुपवर टाकलाय, सगळ्यांचे अंगठे आलेत. मी बघितला. शब्द खरंच येगयेगळे पडलेत. पप्यानं खाली काहीतरी लिहिलंय त्याला उत्तर द्यायचं होतं, दिलं नाही. सुहासचाही अंगठा आहे. बरं.

आत्ता संवाद पूर्ण झाला म्हणून नानांना फोन लावला आणि सगळा मराठीत उलटा सांगितला. मी शेवट असा केला होता की बाई उतरताना दारातून एक टोमणा मारते आणि गाडी सुटते. मला तो जमला असं वाटत होतं. नाना जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "शेवटचं वाक्य तिला का दिलंस?"

म्हटलं, गोष्टीसाठी बरं वाटतं नाना.

"घंटी कुणाच्या हातात हाय? कंडक्टरच्या. ती बोलायच्या आधी मी दोनदा वाजवतोय. बदल ते."

बदलायला बसलेय. घंटीला शब्द सापडत नाहीये.