झाडूचीच गोष्ट छापायची होती

३० सप्टेंबर २०२४. मिथुन चक्रवर्तींना फाळके पुरस्कार जाहीर झाल्यामुळे आमच्या वृत्तपत्राच्या डेस्कवर सगळी धावपळ त्याचीच होती. त्यातच एजन्सीची बातमी येऊन पडली होती: अमेरिकन गायक-गीतकार आणि अभिनेते क्रिस क्रिस्टोफरसन शनिवारी गेले, हवाईतल्या माउई बेटावर, वयाच्या ८८व्या वर्षी. ‘हे कोण?’ असं दोघा-तिघांनी विचारलं. मी कॉलेजात असल्यापासून त्यांची गाणी ऐकत आलेय, म्हणून चौकट मागूनच घेतली.

जागा अगदी थोडी आणि माणूस केवढा! जन्म टेक्सासचा, वडील हवाई दलात जनरल. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकले, मग लष्करात हेलिकॉप्टर पायलट, हुद्दा कॅप्टन. १९६५ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकवायची संधी समोर असताना नोकरी सोडली, गाणी लिहायला कंट्री संगीताचं शहर नॅशव्हिल गाठलं आणि कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत झाडूकाम धरलं. पुढच्याच वर्षी तिथे गायक बॉब डिलन रेकॉर्डिंग करत होता, तेव्हा हे ॲशट्रे रिकामे करत होते. घरच्यांनी संबंध तोडले.

आमच्या वरिष्ठांना मथळ्यात मात्र हेलिकॉप्टर हवं होतं. आपलं गाणं ऐकवायला प्रसिद्ध कंट्री गायक जॉनी कॅश यांच्या अंगणात ते उतरवून, एका हातात बिअर आणि दुसऱ्या हातात गाण्याची टेप घेऊन हे उतरले, असं कॅश रंगवून सांगायचे. हेलिकॉप्टर उतरवलं हे खरंच. पण कॅश तेव्हा घरी नव्हते, बिअरही नव्हती, हे क्रिस्टोफरसन यांनीच पुढे सांगून टाकलं होतं. त्यांची मुलाखत मी उघडून दाखवली. म्हटलं, धाडस एका दुपारचं असतं; कॅप्टनचा हुद्दा उतरवून रोज लादी पुसायची आणि रात्री गाणी लिहायची, ही गोष्ट मोठी आहे. थोडी वादावादी झाली, मग ऐकलं त्यांनी.

पुढचं यश दोन वाक्यांत उरकलं. १९७१ मध्ये रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनच्या आवाजातलं त्यांचं ‘मी अँड बॉबी मॅगी’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, पण ते पाहायला ती हयात नव्हती. १९७६च्या ‘अ स्टार इज बॉर्न’साठी त्यांना अभिनयाचा गोल्डन ग्लोब मिळाला.

एका प्रसंगासाठी मात्र मी आणखी जागा मागितली. ऑक्टोबर १९९२, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन सभागृहात डिलनच्या गौरवाची मैफल. आयरिश गायिका शिनेड ओकॉनरने टीव्हीवर पोपचं छायाचित्र फाडून दोन आठवडेही झाले नव्हते, आणि प्रेक्षक तिची हुर्यो उडवत होते. तिला मंचावरून खाली घेऊन यायला क्रिस्टोफरसन यांना सांगण्यात आलं. ते मंचावर गेले, तिच्या कानाशी धीराचे शब्द बोलले आणि तिला गाऊ दिलं. मिथुनदांचा फोटो थोडा लहान झाला, तेवढ्या ओळी मिळाल्या. ऐनवेळी यातलं काही कापू नका, असं पान लावणाऱ्या सहकाऱ्याला बजावून मी पुढच्या बातमीला हात घातला.