आईला बेटं बघायची आहेत

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत आईनं ३१ वर्षं मुलांना भूगोल शिकवला. फळ्यावर भारताचा नकाशा काढला की केरळच्या डावीकडं खडूनं ठिपके द्यायची, "हे लक्षद्वीप." ते ठिपके यंदा तिला दाखवायचेच, असं मी आणि दादानं ठरवलं.

दादाचं मन मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या क्रूझवर होतं. पोहायचा तलाव, रोज रात्री कार्यक्रम, जेवणाची चंगळ. मी मात्र बेटावर किती तास मिळणार तेवढंच मोजत बसले. काही फेऱ्यांत तर जहाज खोल समुद्रात जाऊन परत मुंबईलाच येतं. आई भाकरी थापत ऐकत होती. म्हणाली, "मला बोट नको दाखवू गे, बेटं दाखव." तिथंच निकाल लागला.

कोचीहून निघणारी 'समुद्रम्' सहल घेतली. लक्षद्वीप प्रशासनाच्या पर्यटन संस्थेची, पाच दिवसांची. रात्री जहाजावर झोपायचं, दिवसभर बेटावर: कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. मिनिकॉय म्हटल्यावर आई खुर्चीत सरळ बसली. बाकीच्या लक्षद्वीपपासून त्याला तोडणारा नाइन डिग्री चॅनल नावाचा समुद्राचा पट्टा, मालदीवशी नातं सांगणारी तिथली महल भाषा, १८८५ चं दीपगृह, सगळं तिला तोंडपाठ.

मला काळजी तिच्या गुडघ्यांची. या बेटांभोवती प्रवाळाचं कडं आहे आणि आतलं पाणी उथळ. त्यामुळं मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि त्याच्या बाजूच्या दारातून छोट्या बोटीत उतरावं लागतं. बोट लाटेवर खालीवर होत असते; ती वर आली की त्याच क्षणी पाऊल टाकायचं. जाहिरातीतल्या फोटोंत हे कुठंच दिसत नाही. घरातल्या वयस्कर माणसाला नेणार असाल तर केबिन कुठली हे नंतर विचारा, उतरायचं कसं हे आधी विचारा. समुद्र शांत हवा म्हणून आम्ही संक्रांतीनंतरचे दिवस धरले.

प्रवेश परवान्याचे कागद दादा बघतोय. बेळगावहून पूर्णा एक्सप्रेसनं थेट कोचीतल्या एर्नाकुलमला जाता येतं, पण ती आठवड्यातून एकदाच, म्हणून तिकिटं आधी काढली.

सध्या रोज संध्याकाळी आई आमच्या अंगणातल्या दगडी पायरीवर उभी राहते. मी तिचं कोपर धरते आणि म्हणते, "थांब... थांब... आता!" आणि ती पाऊल टाकते.