खताची गोणी, दोन-सहाची बांगडी

युरियाची रिकामी गोणी बादलीत बुडवली की पाणी गार पडतं. भर वैशाखात, दुपारी दोनला, हात माठात घातल्यासारखे थंड होतात. शिवणीत आणि कोपऱ्यांत अडकलेले दाणे विरघळतात, त्याचा तो परिणाम. पहिल्यांदा मी घाबरून हात बाहेर काढले होते. सासरे ओट्यावरूनच म्हणाले, “काही नही व्हत, युरियाना गुणच तसा शे.” ते पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून मी कढीपत्त्याला ओतलं. चार दिवसांत झाड करपलं. आता पहिल्या धुण्याचं पाणी भरपूर पातळ करते आणि वेलांना थोडं थोडं घालते. कढीपत्ता नवा लावलाय.

मी अमळनेरला राहते. गोण्यांच्या पर्स-पिशव्या आणि टाकाऊ वस्तूंचे दागिने करून विकते. समोर आलेली बाई पहिला प्रश्न ठरलेला विचारते, “माल तर फुकटच मिळत असेल ना?” आणि किंमत ऐकली की दुसरा प्रश्न तोंडावर दिसतो. शेजारच्या आक्कांनी तो बोलूनच दाखवला, “खतनी गोणीना चारसे रुपया? यडी शे का व तू?”

सुरुवात गोणीपासून झाली नाही. 23 जून 2018 पासून राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर कारवाई सुरू झाली. पहिल्यांदा सापडलं तर 5,000 रुपये दंड, त्यामुळे गल्लीतले किराणावाले घाबरले. मी सासूबाईंची जुनी सुती लुगडी काढली आणि घरच्या काळ्या मशीनवर पिशव्या शिवायला बसले. दहा रुपयाला एक. दीड महिन्यात दोनशेच्या आसपास गेल्या आणि मला वाटलं, जमलं. मग बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या नॉनवोव्हन पिशव्या आल्या, दोन-तीन रुपयांत. त्या कापडाच्या नसतातच, पॉलिप्रॉपिलिनच्या असतात, पण दुकानदाराला कापडासारखं दिसल्याशी मतलब. माझ्या चाळीस पिशव्या कपाटात राहिल्या. अजूनही भाजी आणायला त्याच नेते.

गोण्या दिसल्या माहेरी. माझं माहेर चोपड्याकडे, केळी-कपाशीचा पट्टा. भावाच्या खळ्यात एका कोपऱ्यात रिकाम्या गोण्यांचा ढीग, दुसऱ्या कोपऱ्यात ठिबकच्या जुन्या नळ्या, मागे बोअरमधून उपसून टाकलेले पाइप. भाऊ म्हणाला, “ने ताई, नाहीतर उकिरड्यावरच जाणार.” मी टेम्पोत पन्नास गोण्या टाकून आणल्या आणि त्यातल्या वीस पहिल्याच आठवड्यात फेकल्या. उन्हात पडलेली गोणी वरून धड दिसते, पण हातात धरून ताणली की पापडासारखी तुटते आणि पांढरी भुकटी अंगभर होते. आता मी आधी कोपरा चिमटीत धरून पिळून बघते. भुकटी निघाली तर नको. कीटकनाशकाच्या पिशव्या, डबे, बाटल्या यांना तर हातही लावत नाही, कितीही चांगल्या दिसल्या तरी.

शिवायला घेतल्यावर कळलं की कापलेल्या कडेचे धागे सुटत जातात. सासरे प्रताप मिलमध्ये होते. त्यांनी गोणी उजेडात धरली आणि म्हणाले, ही पट्ट्यांची विणलेली, ताणा वेगळा, बाणा वेगळा, हिला किनार नाही तर ती सुटणारच. मिल बंद होऊन किती वर्षं झाली, पण कापडाचं नाव निघालं की त्यांचा आवाज बदलतो. त्यांच्याच सांगण्यावरून मी जुनी सुरी गॅसवर तापवून कापायला लागले. कड वितळून आपोआप बंद होते. खिडकी उघडी ठेवायची आणि सुरी लाल होऊ द्यायची नाही, एवढं सांभाळलं की झालं.

काळी मशीन मात्र गेली. गोणीचे दोन पदर, अस्तर, वर निवारीचा पट्टा, म्हणजे चार-पाच थर. सोळा नंबरच्या सुया तीन दिवसांत सात तुटल्या. अठरा नंबरची घातली तर शटल अडकायला लागलं. मिस्त्री आला, उघडून बघितलं आणि म्हणाला, “वहिनी, ही मशीन ब्लाउजसाठी आहे.” बचत गटातून कर्ज काढून जुनी ज्यूकी, म्हणजे कारखान्यात वापरतात तसली मशीन, घेतली, 14,000 रुपयांना. पहिल्या दिवशी तिच्या वेगाने मी इतकी दचकले की अख्खी चेन तिरपी शिवली गेली.

हिशेबाचं शहाणपण आलं ते या मशीनच्या हप्त्यामुळे. तोवर मी पर्स दीडशेला देत होते आणि खुश होते. एका रात्री मुलीच्या वहीत मांडलं. गोणी आणायचा खर्च 5, अस्तराचं कापड 10, चेन आणि रनर 18, निवार 28, दोरा-बकल 14. झाले 75. उरले 75. गोणी दोनदा धुणं, सावलीत वाळवणं, कापणं, शिवणं असे एका पर्सला तीन तास जात होते. म्हणजे तासाला 25 रुपये. वीज आणि मशीनचा हप्ता त्यात धरलेलाच नाही. मी वही मिटली आणि ह्यांना म्हटलं, “मी कापूस वेचायला गेले तर बरं.” हे हसले नाहीत, त्यांनाही तो आकडा दिसला होता.

नवं कापड घेतलं असतं तर धुणं नाही, निवडणं नाही, डाग टाळून कापणं नाही. थान उलगडायचं, बेतायचं, कापायचं. गोणीत प्रत्येक वेळी नवं बघावं लागतं, कुठे हुकाचं भोक, कुठे ट्रॅक्टरच्या ऑइलचा डाग. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, ते वेगळंच. टाकाऊ माल फुकट पडतो तो फक्त आणताना, वापरताना नाही. दुसऱ्या दिवशी मी किंमत 380 केली आणि पुढचे दोन महिने एकही पर्स विकली गेली नाही. आक्कांचं ते वाक्य तेव्हाचंच. त्यांनी चारसे म्हणून वीस रुपये वर चढवले, इतकंच.

दागिन्यांकडे वळले ते या रिकाम्या दोन महिन्यांत. घरात दोन गोष्टी पडून होत्या, पाइप आणि लग्नाच्या पत्रिका.

पाइपाचं आधी सांगते, कारण त्याचा मला अजून अभिमान आहे. बांगडीचं माप दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असं असतं ना, त्यात दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि वर इंचाच्या सोळा भागांतले सहा. मिलिमीटरमध्ये साठच्या किंचित वर. शेतात सर्रास वापरतात तो पातळ भिंतीचा 63 एमएमचा पीव्हीसी पाइप आतून जवळपास साठच असतो. म्हणजे पाइप अर्ध्या इंचाच्या चकत्यांत कापला आणि आतून पॉलिश पेपर मारला की दोन-सहाची बांगडी तयार! त्यावर जुन्या साडीची पट्टी किंवा रेशमी दोरा गुंडाळायचा. काठाची पट्टी वापरली तर जरीची नक्षी बरोबर मधोमध येते. जळगावला पाइपांचे एवढे कारखाने, आणि हे आधी कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही म्हणून मी चार दिवस हवेत होते. मग दोन-चारवाली गिऱ्हाइकं आली. त्या मापाचा पाइप नाही, आणि पुढचा 75 चा घेतला तर तो कोपरापर्यंत जातो. शेवटी चकतीला एक काप देऊन ती उकळत्या पाण्यात मऊ करते, जवळ आणते आणि उघड्या तोंडाचं कडं करते.

एक चूक मुद्दाम सांगते. गोणीची सवय म्हणून मी पाइपही तापल्या सुरीने कापायला गेले. असा झोंबणारा धूर निघाला की डोळे-घसा दिवसभर जळजळत होते. पीव्हीसी जाळायचा नाही, करवतीनेच कापायचा, आणि तेही तोंडाला फडकं बांधून.

पत्रिकांचे मणी व्हावेत अशी माझी कल्पना होती, पण तो कागद जाड, वळताना मोडतो. त्याची झुमक्यांची चपटी पानं बरी होतात. मण्यांना गुळगुळीत कागदाचं जुनं कॅलेंडर उत्तम. बुडाशी दोन सेंटिमीटर आणि टोकाला निमुळती अशी फूटभर लांब पट्टी खराट्याच्या काडीवर घट्ट गुंडाळायची, शेवटाला डिंक लावायचा आणि वरून वॉर्निशचे दोन हात द्यायचे. एखाद्या मण्यावर रविवारचा लाल आकडा येतो, तो मी पुढे दिसेल असा ओवते. पत्रिकेवरचा गणपती मात्र वापरत नाही. एकदा कानातल्याच्या पानावर सोंडेचा तुकडा राहून गेला होता. स्टॉलवर आलेल्या एका आजींनी तो नखाने दाखवला आणि काही न बोलता खाली ठेवला. तेव्हापासून देवांची चित्रं आधी कापून बाजूला काढते.

वैशाखात आमच्याकडे सखाराम महाराजांची यात्रा भरते, बोरी नदीच्या पात्रात. पहिल्याच वर्षी मी तिथे स्टॉल घेतला. वर पत्रा, खाली वाळू, दोन्ही तापलेले. साठ जोड कानातली ग्लूगनने चिकटवून नेली होती. दुपारी एका मुलीने झुमका उचलला तर पान तिच्या हातात आणि हूक माझ्या टेबलावर. दुसरा उचलला, तेच. गरम करून लावलेला डिंक, तो गरमीत सुटणारच, पण हे मला खान्देशात जन्म काढून आधी सुचलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी टेबलाखाली बसून उरलेले जोड नुसत्या दोऱ्याने बांधत होते. आता चिकटवायचं असेल तिथे दोन नळ्यांतलं कालवून लावायचं एपॉक्सी वापरते आणि रात्रभर सुकू देते. जमेल तिथे तार आणि रिंगच. त्याच यात्रेतल्या दोन बायका पुढच्या आठवड्यात सुजलेले कान घेऊन आल्या. स्वस्त हुकातल्या निकेलचा काहींना त्रास होतो. पैसे परत दिले आणि तेव्हापासून सर्जिकल स्टीलचे हूक मागवते. जोडामागे खर्च चढला, पण पुन्हा तसे कान बघायची माझी तयारी नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकावर होते आणि तिला फी नाही. आमच्या भाच्याने तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या एका पानावर पैसे भरले, ते गेले. जीएसटीचं असं की मालाची वर्षाची विक्री 40 लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, पण ऑनलाइन बाजारपेठेवर विकायचं तर पूर्वी पहिल्या रुपयापासून लागायची. 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांना नुसता एनरोलमेंट नंबर घेऊन चालतं. मी तेच केलं. चाळीस लाखांचा विचार आमच्या घरात फक्त विनोद म्हणून होतो.

उधारीवर माल ठेवायचं प्रकरणही एकदा करून पाहिलं. एका मोठ्या शहरातल्या दुकानाने पंचवीस पर्स घेतल्या, विकल्यावर पैसे, त्यात चाळीस टक्के त्यांचे. पाच महिने फोन केले. शेवटी एकोणीस परत आल्या, काचेच्या शोकेसमध्ये उन्हाने फिकट झालेल्या. सहांचे पैसे हप्त्याहप्त्याने मिळाले. आता निम्मे आधी, मगच खोका बांधते.

पर्स अखेर विकल्या गेल्या त्या एका गमतीमुळे. सुरुवातीला मी गोणी उलटी करून, छपाई आत घेऊन शिवायचे, कारण इथल्या बाईला खांद्यावर ‘युरिया’ नको असतो. बरोबरच आहे, तिने तो आयुष्यभर डोक्यावर वाहिलाय. पण पुण्याला असलेल्या नणंदेने एक सुलटी नेली, ‘45 किलो’ हा आकडा ठळक दिसणारी, आणि तिच्या ऑफिसातून आठ जणींनी तशीच मागितली. आता दोन्ही करते. इथे उलटी, पुण्याला सुलटी. फक्त कंपनीचं नाव कापून बाजूला काढते, उगाच कटकट नको. जाड गोण्या संपल्या तेव्हा अस्तराला फ्लेक्सही लावून पाहिला. एका बाईने चेन उघडली तर आतून वाढदिवसाच्या शुभेच्छा स्वीकारणाऱ्या नेत्याची अर्धी मिशी. ती हसत सुटली आणि तीच पर्स घेऊन गेली, पण उन्हाळ्यात फ्लेक्स वास मारतो, म्हणून सोडला.

सध्या महिन्याला तीस-पस्तीस पर्स आणि त्याच्या दुप्पट दागिने जातात. एका पर्सला आता दोन तास लागतात. मुलीच्या वहीत तासाचा आकडा अजून लिहिते. परवा तो दीडशेच्या थोडा वर निघाला, पण त्यात पाणी आणि माझं पाठदुखीचं तेल धरायचं का, यावर ह्यांचं नि माझं एकमत नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलीय. सासुरवाशिणी माहेरी येतील, झोके बांधले जातील, बांगड्या त्या आठ दिवसांत जितक्या खपतात तितक्या वर्षभर खपत नाहीत. तीनशे चकत्या कापायच्या आहेत आणि घरात पाइप उरला आहे हातभर. आक्कांच्या मळ्यात जुनी लाइन काढताहेत असं कळलं, म्हणून मुलाला सकाळीच पाठवलं. आक्कांनी त्याच्या हाती निरोप दिलाय, “फूटले कितला देशी, ते पहिले सांग.” मी फुटाला पाच रुपये सांगितले आहेत. फक्त पाइप मातीतून निघालेला हवा, बांधावर उन्हात पडलेला नको, हे त्याला तीनदा बजावलंय.