तुम्ही विचारलंत म्हणून: औषध समुद्रातलं, मग त्रास का?

‘मॅडम, हे इंजेक्शन समुद्रातल्या स्पंजापासून आलंय म्हणे. म्हणजे नैसर्गिकच की! मग आईला एवढा त्रास का होतोय?’

केमोची औषधं तयार करून वॉर्डात पाठवणं हे माझं काम. सायटाराबीन हे या इंजेक्शनचं नाव फोनवर शोधलं की स्पंज लगेच समोर येतो, त्यामुळे रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांचे नातेवाईक औषधांच्या खिडकीशी मला हे हमखास विचारतात. मागे रांग असते, धड उत्तर देता येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

स्पंज जन्मभर एका जागी चिकटून राहतो. त्याला पळता येत नाही, चावता येत नाही. दिवसरात्र अंगातून पाणी गाळायचं, आणि त्या पाण्यात जंतू असतात, कुरतडणारे मासे असतात, जागा बळकावणारे शेजारी असतात. अशा जिवाचा बचाव बऱ्याच अंशी रसायनांवर चालतो. पुष्कळदा ती रसायनं त्याच्या अंगात वस्तीला असलेले जिवाणू बनवतात. पेशी मारणारी, वाढ रोखणारी संयुगं समुद्रात इतकी सापडतात त्याचं हे एक मोठं कारण. कुणाला बरं करण्यासाठी ती तिथे नसतात.

येल विद्यापीठातले वर्नर बर्गमन यांनी फ्लोरिडाच्या उथळ समुद्रातल्या एका स्पंजातून काही न्यूक्लिओसाइड वेगळे केले आणि १९५०-५१च्या सुमारास त्यावर लेख लिहिले. न्यूक्लिओसाइड म्हणजे डीएनए आणि आरएनए ज्यापासून बनतात ते तुकडे. प्रत्येकात एक साखर असते. आपल्या पेशींत ती साखर रायबोज किंवा डीऑक्सिरायबोज असते. या स्पंजात निघाली अरॅबिनोज. रायबोज आणि अरॅबिनोज यांच्यात फरक एवढाच, की दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवरचा ऑक्सिजन-हायड्रोजनचा जोड एकीकडे खाली असतो आणि दुसरीकडे वर. बाकी सगळं सारखं.

तेवढ्यानं पेशी फसते. ती अरॅबिनोजवाला तुकडा आपलाच समजून डीएनएच्या साखळीत जोडते आणि साखळीचं पुढचं काम अडतं. डीएनएची नक्कल झाली नाही तर पेशीला दोन होता येत नाही, ती मरते. हा धागा धरून १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत सायटाराबीन बनवलं गेलं आणि १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. म्हणजे तुमच्या आईच्या बाटलीत स्पंजाचा अर्क नाही. स्पंजानं कल्पना दिली, औषध कारखान्यात तयार होतं. आणि तेच बरं आहे. हॅलिकाँड्रिन बी नावाचं दुसरं संयुग जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये शोधलं, तेव्हा ६०० किलो स्पंजातून हाती आलं जेमतेम १२.५ मिलिग्रॅम. त्याचीच सोपी केलेली, पूर्णपणे प्रयोगशाळेत जुळवलेली आवृत्ती, एरिब्युलिन, २०१० पासून पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरवर वापरतात. समुद्र उपसून हे औषध कुणालाच पुरलं नसतं.

आता त्रासाचं. सायटाराबीनला कॅन्सरची पेशी ओळखता येत नाही. जी पेशी डीएनएची नक्कल करत असते ती त्याच्या तावडीत सापडते. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्या मोठ्या संख्येनं मरतात. पण तोंडाचं आतलं अस्तर, आतडी, केसांची मुळं, हाडातला मगज, इथल्या निरोगी पेशीही सतत वाढत असतात. तोंड येतं, जुलाब होतात, काउंट्स (रक्तातल्या पेशींची संख्या) उतरतात ते यामुळे. त्रास होतोय म्हणून औषध भेसळीचं आहे किंवा कुणाचं काही चुकलंय असं समजू नका, आणि तुम्ही आईला यात ढकललंत असं तर मुळीच मनात आणू नका. जी क्रिया त्रास देते, तीच रोग मारते.

मोठा डोस असेल तेव्हा सिस्टर दर काही तासांनी डोळ्यांत थेंब घालतात, कारण औषध डोळ्यांच्या पुढच्या पातळ आवरणालाही झोंबतं. कागद पुढे करून सही करायला सांगतात. पुष्कळांना वाटतं, ही कसली संमती रोज रोज? ती संमती नसते. लहान मेंदूवर परिणाम होऊ लागला तर अक्षर बिघडतं. कालची आणि आजची सही शेजारी ठेवून ते पाहायचं असतं. आईला सही करायचा कंटाळा आला तरी करू द्या.

समुद्री शंखापासून आलेल्या औषधाचंही तसंच. कोनस मॅगस नावाचा समुद्री शंख विषारी दात भाल्यासारखा मारून मासा जागीच लुळा करतो. त्या विषातल्या एका पेप्टाइडवरून (प्रथिनासारख्या छोट्या साखळीवरून) झिकोनोटाइड हे वेदनाशामक आलं; अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता. ते मॉर्फिनच्या जातीचं नाही, त्याची सवय लागत नाही. पण ते पंपानं थेट मणक्यातल्या द्रवात सोडावं लागतं, दिवसाला काही मायक्रोग्रॅम, आणि तरीही कुणाकुणाला भास होतात. (आपल्या किनाऱ्यावरही शंकूच्या आकाराचे शंख मिळतात. रिकामा असेल तर खुशाल उचला. जिवंत असेल तर हात लावू नका. याच कुळातल्या काही शंखांच्या दंशानं माणसं दगावली आहेत.)

या प्रश्नापाठोपाठ दुसरा येतो: ‘मग जोडीला समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल चालतील?’ माझं म्हणणं, केमो सुरू असताना स्वतःहून काहीही सुरू करू नका. डबी डॉक्टरांना दाखवा, मलाही दाखवा, रागावणार नाही. त्यावर छापलेल्या वनस्पतीचं किंवा जिवाचं नाव ऐकून धोका कळत नाही, किती आणि कशाबरोबर घेताय त्यावरून कळतो.

आणि एक कराच. घरात थर्मामीटर ठेवा. काउंट्स उतरलेले असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर गेला, तर गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी वॉर्डात फोन करा आणि निघा.